फॉलोअर्स येतात पण माणसं टिकत नाहीत: परत परत होणाऱ्या या प्रॉब्लेमचं काय करायचं

इन्स्टाग्रामचं अकाउंट नीट चाललेलं असतं, मध्येच एखादं रील उडतं, आठवड्याभरात दोन-चार हजार नवे फॉलोअर्स येतात, सगळे खूष, आणि मग महिना-दीड महिन्यात परत पहिले पाढे पंचावन्न. स्टोरी बघणारी तीच जुनी माणसं, कमेंटमध्ये नुसते आगीचे आणि हार्टचे इमोजी, डीएममध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये, ‘प्राइस प्लीज’ आणि किंमत सांगितली की समोरचा गायब. मग काहीतरी करून रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचते तो आकडा, परत वर आणायचा, परत फॉलोअर्स, परत शांतता. मुलुंडला घरून फराळ विकणाऱ्या काकू असोत, परळला तालमी करणारा प्रायोगिक नाटकाचा ग्रुप असो, नाहीतर बोरिवलीत हार्मोनियम शिकवणारे सर असोत, तक्रार सगळ्यांची सेम. मी अशी छोटी छोटी पेजेस सांभाळते आणि हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सगळं नीट लिहून ठेवलेलं बरं.

जास्त करून इन्स्टाग्रामबद्दल लिहितेय, कारण २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात आपल्याकडे रील्स आली आणि घरगुती व्यवसायवाले, कलाकार, क्लासवाले बहुतेक तिकडेच जमले. फेसबुकलाही यातलं बरंचसं लागू होतं.

परत परत का होतं

हे आधी समजून घ्या, नाहीतर खालचे सगळे उपाय करून तीन महिन्यांनी परत इथेच याल.

२०१६ पर्यंत इन्स्टाग्रामवर पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसायच्या, नंतर ते बदललं आणि आता कोणाला काय दाखवायचं ते अ‍ॅप ठरवतं, तेही फीडला वेगळं, स्टोरीला वेगळं, रील्सला वेगळं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या जानेवारीत सांगितलं होतं की तीन गोष्टींना सगळ्यात जास्त महत्त्व असतं, लोक किती वेळ बघतात, किती जण लाइक करतात आणि किती जण ते दुसऱ्या कोणाला पाठवतात. त्यातही आधीपासून फॉलो करणाऱ्यांपर्यंत पोचायला लाइकचं वजन थोडं जास्त आणि अनोळखी लोकांपर्यंत पोचायला दुसऱ्याला पाठवण्याचं.

आता हे काकूंच्या अकाउंटला लावून बघा. चकली पाडतानाचं त्यांचं रील एका ट्रेंडिंग हिंदी गाण्यावर होतं, ते उडालं, इंदूर, लखनौ, सुरत, कुठून कुठून लोक आले. त्या लोकांचं काही चुकलेलं नाही, त्यांना सोऱ्यातून पडणारी चकली बघायला आवडली, फॉलो केलं, विषय संपला. पण पुढच्या आठवड्यात काकू टाकणार ‘अनारशाची ऑर्डर रविवारपर्यंत द्या, मुलुंड पूर्व-पश्चिम घरपोच’, त्याचं इंदूरचा माणूस काय करणार? तो वर सरकवून पुढे जातो. असे शेकड्याने लोक सरकवून गेले की अ‍ॅपला दिसतं ते एवढंच की यांच्या स्वतःच्या फॉलोअर्सनाच यात इंटरेस्ट नाहीये, मग मुलुंडमधल्या ज्या बाईला खरंच अनारसे हवे होते तिच्यापर्यंतही ते पोचत नाही. रीच बसला म्हणून काकू घाबरतात, परत ट्रेंडिंग गाणं, परत बाहेरगावची गर्दी, आणि जेवढी गर्दी वाढेल तेवढी पुढची कामाची पोस्ट अजून खाली जाते. म्हणजे आजचा रीच ज्याने बसला ती गोष्ट मागच्या वेळी रीच वाढवायला केलेलीच असते, आणि म्हणूनच हा प्रॉब्लेम एकदा होऊन संपत नाही.

गिव्हअवेचंही हेच होतं. ‘फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, फराळाचा डबा जिंका’ म्हटलं की फुकट डबा हवा असलेली माणसं येतात, निकाल लागला की निम्मी निघून जातात, उरलेली गप्प बसून राहतात. फॉलो-अनफॉलोचा खेळ, म्हणजे समोरच्याने फॉलो करावं म्हणून त्याला फॉलो करायचं आणि नंतर सोडून द्यायचं, तर याहून वाईट, कारण त्यात समोरच्याला कळतं की आपल्याला वापरलं आणि असा माणूस नंतर तुमच्याशी मनापासून बोलेल ही अपेक्षाच करू नका.

आणि विकत घेतलेले फॉलोअर्स. कोणीतरी एजन्सीवाला फोन करून ‘ऑर्गॅनिक ग्रोथ’ म्हणून पॅकेज सांगतो, स्वस्त वाटतं, घेतलं जातं. २०२० च्या जुलैमध्ये एका गायिकेच्या नावाने फेक प्रोफाइल बनवल्याच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांच्या क्राइम ब्रँचने असे फेक फॉलोअर्स विकणाऱ्यांचा तपास केला होता आणि अटकही झाली होती, म्हणजे हा धंदा किती जवळ चालतो ते लक्षात घ्या. इन्स्टाग्राम स्वतः २०१८ पासून लाइक-फॉलोअर्स आपोआप वाढवून देणाऱ्या बाहेरच्या अ‍ॅप्सनी आणलेले लाइक आणि फॉलो काढून टाकत आलंय. अशा अ‍ॅपला पासवर्ड दिला असेल तर हे वाचणं थांबवा, आधी पासवर्ड बदला आणि टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू करा, मग पुढे वाचा.

आधी हे तपासा

इनसाइट्स, म्हणजे अकाउंटची आकडेवारी, उघडा, प्रोफेशनल अकाउंट असेल तर फुकट दिसतात. फॉलोअर्सची शहरं बघा. तुमचं काम मुंबईत आहे आणि यादीत मुंबई कुठेतरी तिसरी-चौथी असेल तर प्रॉब्लेम सापडला. मग शेवटच्या आठ-दहा पोस्ट घ्या आणि प्रत्येक पोस्ट बघणाऱ्यांत फॉलोअर्स किती आणि बाहेरचे किती ते बघा.

सेटिंगमध्ये अकाउंट स्टेटस म्हणून एक जागा आहे, तिथे कळतं की तुमच्या पोस्ट फॉलो न करणाऱ्यांना दाखवायला चालतात की नाही. ‘मला शॅडोबॅन केलंय’, म्हणजे न सांगता माझ्या पोस्ट दडवल्यात, असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ही जागा कधी उघडलेलीच नसते, तिथे सगळं हिरवं असेल तर तो विषय डोक्यातून काढून टाका.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मेसेजमध्ये जाऊन रिक्वेस्ट्स उघडा, आणि त्याच्याही आत हिडन रिक्वेस्ट्स असतात त्या उघडा. अनोळखी माणसाचा पहिला मेसेज तिथे जाऊन पडतो आणि त्याचं नोटिफिकेशन कित्येकदा लक्षातही येत नाही. नाटकाच्या ग्रुपच्या हिडन रिक्वेस्ट्समध्ये एका निवृत्त शिक्षिकेचा मोठा मेसेज होता, प्रयोग बघून काय वाटलं, दुसरा अंक कुठे सैल वाटला, पुढचा प्रयोग कधी आहे, माझ्याबरोबर आणखी चौघी येतील. तो मेसेज कित्येक आठवडे कोणी वाचलाच नव्हता, आणि तिकडे मुलं पोस्टर बूस्ट करायला पैसे घालत होती. तुम्ही शोधताय ती माणसं खूपदा आधीच दार वाजवून गेलेली असतात. उशिरा का होईना उत्तर द्या, ‘आत्ता बघितलं, उशीर झाला, सॉरी’ एवढं पुरतं, त्या बाईंनी काहीही मनात न ठेवता लगेच उत्तर दिलं होतं.

मग कमेंट वाचा. इमोजी सोडून ज्यांनी शब्द लिहिलेत त्यांची नावं कागदावर उतरवून काढा, खरंच कागदावर, आणि प्रत्येक नावापुढे लिहा की हा माणूस कोण, कुठला, काय करतो. बहुतेकांना पाच-सहा नावांपुढे काही लिहिता येत नाही. ती यादी जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुरुस्ती

पहिल्यांदा बायो, म्हणजे प्रोफाइलवरची ओळख. ‘होममेड विथ लव्ह’ वाचून कोणाला काय कळणार? काकूंचं बदलून आम्ही असं केलं: ‘मुलुंड, भांडुप, ठाणे. भाजणीची चकली, अनारसे, ओल्या नारळाच्या करंज्या. ऑर्डर दोन दिवस आधी.’ यात आकर्षक काही नाही, पण वाचणाऱ्याला दोन सेकंदात कळतं की हे माझ्यासाठी आहे की नाही, आणि ज्याच्यासाठी नाही तो फॉलो न करता जातो, हे आपल्याला हवंच आहे. कॅप्शन मराठीत लिहा, जागेचं नाव शब्दात लिहा, लोकेशन टाका. हॅशटॅगची माळ लावण्यात आता फार अर्थ नाही, २०२४ च्या शेवटी तर हॅशटॅग फॉलो करायची सोयच इन्स्टाग्रामने काढली. त्यापेक्षा ‘मुलुंडमध्ये उपवासाची भाजणी कुठे मिळेल’ असं माणूस ज्या शब्दांत विचारतो तेच शब्द कॅप्शनमध्ये असू द्या.

मग साफसफाई. फॉलोअर्सच्या यादीतून एकेकाला रिमूव्ह करता येतं आणि त्यांना नोटिफिकेशन जात नाही. फोटो नसलेली, नावात नुसते आकडे असलेली, हजारोंना फॉलो करणारी पण स्वतःची एकही पोस्ट नसलेली अकाउंट्स काढा, रोज थोडी थोडी, हाताने. यासाठीही कुठलं बाहेरचं अ‍ॅप वापरू नका. आकडा खाली जाताना जीव तुटतो, मला माहितीये, काकू तर दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या, पण स्टोरीवर खऱ्या माणसांची उत्तरं यायला लागली तेव्हा त्यांनीच उरलेली यादी साफ केली.

हे झालं की खरं काम सुरू होतं, आणि इथेच लोक कंटाळतात.

आपल्या पेजवर बसून वाट बघायची नाही, दुसऱ्यांच्या पेजवर जायचं. लोकलमधला ग्रुप कसा जमतो ते आठवा, रोज तीच गाडी, तोच डबा, पहिले काही महिने नुसती मान हलवणं, मग कोणीतरी बॅग वर ठेवायला घेतं, मग एक दिवस न दिसल्यावर ‘काल नव्हतात?’ असं विचारलं जातं, आणि वर्षाभराने साखरपुड्याचं आमंत्रण येतं. ऑनलाइनही नाती अशीच जमतात, ठरावीक जागी ठरावीक माणसांना परत परत दिसून. म्हणून पंधरा-वीस अकाउंट्स निवडा, मोठी नकोत, तुमच्याच भागातली किंवा तुमच्याच विषयातली, आणि तिथे नियमित जा, नीट वाचा, काहीतरी खरं लिहा. ‘नाइस’, ‘सुपर’, ‘वॉव ताई’ हे लिहिण्यापेक्षा काही न लिहिलेलं परवडलं.

नाटकाच्या ग्रुपने हे फार छान केलं. आधी त्यांच्या पेजवर फक्त स्वतःची पोस्टर्स आणि ‘तिकिटाची लिंक बायोमध्ये’. आता माटुंग्याच्या यशवंतला किंवा दादरच्या शिवाजी मंदिरला दुसऱ्या कोणाचा प्रयोग बघून आले की त्या रात्री ते चार ओळी लिहितात, प्रकाशयोजनेत काय आवडलं, कुठल्या नटाने पॉज कसा धरला, आणि त्या लोकांना टॅग करतात. खोटं कौतुक करत नाहीत. त्यातून त्या प्रयोगाचे कलाकार आले, त्यांच्या मागोमाग त्यांचे प्रेक्षक आले, आणि हा प्रेक्षक तिकीट काढून नाटक बघणारा आहे, मुंबईतला आहे, शनिवारी संध्याकाळी ट्रेन पकडून येणारा आहे. ग्रुपचे फॉलोअर्स आजही फार नाहीत, पण प्रयोगानंतर थांबून बोलणारी माणसं वाढलीत आणि पुढच्या प्रयोगाला तीच परत दिसतात.

पहिला डीएम कसा करायचा हे खूप जण विचारतात. ‘हाय डिअर, नाइस प्रोफाइल, प्लीज फॉलो बॅक’ हे कोणालाही कधीही पाठवू नका. पहिल्या मेसेजमध्ये काही मागायचंच नाही, त्यांनी लिहिलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोलायचं, आणि प्रश्न असा विचारायचा की त्याचं उत्तर त्यांनाच माहीत असेल. काकूंनी एका मसालेवाल्या ताईंना लिहिलं होतं: ‘नमस्कार ताई, गोड्या मसाल्यात दगडफूल किती घालायचं ते तुम्ही परवा सांगितलंत, आमच्याकडे सासूबाई जास्त घालायच्या म्हणून विचारते, तुम्ही ते तेलात परतून घेता की कोरडं भाजता?’ त्या ताईंनी व्हॉइस नोटवर सगळी कृती सांगितली. पुढे दोघींनी मिळून एक कोलॅब पोस्ट केली, जी दोघींच्याही फॉलोअर्सना दिसली, आणि त्यातून काकूंकडे जी गिऱ्हाइकं आली ती एकेक करून टिकली, कारण दोघींची गिऱ्हाइकं एकाच प्रकारची होती, घरचा मसाला आणि घरचा फराळ यासाठी पैसे मोजणारी. कोलॅबसाठी माणूस निवडताना त्याचे फॉलोअर्स किती यापेक्षा कोण आहेत ते बघा. आणि पैसे किंवा फुकट वस्तू देऊन कोणाकडून पोस्ट करून घेत असाल तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहायला सांगा, अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे नियम २०२१ पासून आहेत आणि २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारनेही मार्गदर्शक सूचना काढल्यात.

मुलींसाठी, बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. नाती जोडायची म्हणजे प्रत्येक मेसेजला उत्तर द्यायचं असं अजिबात नाही. कामाचा विषय सोडून ‘एकट्या राहता का’ वगैरे सुरू झालं की रिस्ट्रिक्ट (त्याला न कळता त्याचे मेसेज बाजूला पडतात) नाहीतर ब्लॉक, कुठलंही स्पष्टीकरण न देता. गिऱ्हाईक तुटेल म्हणून असली माणसं सांभाळू नका. हिडन वर्ड्स या सेटिंगमध्ये (तिथले शब्द असलेले मेसेज आणि कमेंट आपोआप लपतात) नको असलेले शब्द टाकून ठेवा, मराठीतले आणि रोमन लिपीत लिहिले जाणारे, दोन्ही.

किती माणसं पुरतात

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात मांडलं होतं की माणसाला साधारण १५० जणांशीच ओळख टिकवता येते, जिथे कोण कोणाचं काय लागतं हेही आपल्या लक्षात राहतं. नेमक्या आकड्यावर संशोधकांमध्ये वाद आहेत, पण काकूंच्या स्वयंपाकघरासाठी हा आकडा मला अगदी बरोबर वाटतो. दिवाळीत दीडशे घरांचा फराळ म्हणजे काकू, त्यांची सून आणि मदतीच्या दोन बायका यांना जेमतेम झेपेल एवढं काम आहे! मग वीस हजार फॉलोअर्सच्या मागे धावून झोप कशाला घालवायची. ज्यांची नावं, घरं आणि आवडीनिवडी माहिती आहेत अशी दीडशे माणसं करायची, वर्षभर त्यांच्याशी बोलत राहायचं.

त्यांना एका जागी ठेवायला व्हॉट्सअ‍ॅप बरं पडतं. ग्रुप करू नका, निदान विचारल्याशिवाय तरी नाहीच, एकमेकांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि दोन दिवसांत गुड मॉर्निंग सुरू होतं. चॅनलवर नंबर दिसत नाहीत पण तिथे संवादही होत नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट मला आवडते, एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, उत्तर फक्त तुम्हाला येतं, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. लोक याला गैरसोय समजतात, पण ‘यादीत राहायचं असेल तर नंबर सेव्ह करा’ म्हटल्यावर जे करतील तीच तुमची माणसं, चाळणी आपोआप लागते. मघाशी कागदावर उतरवलेली नावं इथून सुरू करा, प्रत्येकाला वेगळा मेसेज, नावाने.

हार्मोनियमवाल्या सरांचं थोडक्यात सांगते, कारण त्यांच्या अकाउंटमध्ये दुरुस्त करण्यासारखं फारसं नव्हतंच. त्यांच्याकडे शिकायला येतात आठ-दहा वर्षांची मुलं आणि साठीच्या पुढचे आजी-आजोबा, ही माणसं रील्स बघून क्लास शोधत नाहीत. सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, देवळातलं भजनी मंडळ, वाचनालयाचा बोर्ड, विद्यार्थ्यांचा वर्षातून एक छोटा कार्यक्रम, तिथून त्यांना माणसं मिळाली. इन्स्टाग्राम त्यांनी ठेवलंय, त्यावर विद्यार्थ्यांचे वाजवतानाचे व्हिडिओ टाकतात, पालक ते नातेवाइकांना पाठवतात, तेवढं पुरे.

एवढं करूनही हललं नाही तर

दोन-तीन महिने नेटाने करा, मध्ये ट्रेंडिंगच्या मोहात पडू नका, आणि मोजायचंच असेल तर आठवड्यात किती नव्या माणसांशी दोनपेक्षा जास्त मेसेजचं बोलणं झालं ते मोजा. किती जणांनी पोस्ट दुसऱ्याला पाठवली ते इनसाइट्समध्ये दिसतं, तो आकडाही बघत जा.

पण अर्ध्याहून जास्त फॉलोअर्स विकत घेतलेले किंवा गिव्हअवेचे असतील तर साफ करत बसण्यात वर्ष जाईल. तेव्हा नवीन अकाउंट काढलेलं बरं. जुनं लगेच डिलीट करू नका, नाहीतर तुमच्या नावाचं फेक अकाउंट कोणीतरी काढेल आणि लोकांना तेच खरं वाटेल. जुन्यावर नव्याचं नाव पिन करून ठेवा, बायोमध्ये लिहा, आणि कागदावरच्या प्रत्येक माणसाला स्वतः मेसेज करा की मी इकडे आलेय, कारण काय ते पण खरं सांगा. फॉरवर्ड नको, प्रत्येकाला वेगळं टाइप करा, मागच्या वेळी काय बोलणं झालं होतं त्याचा उल्लेख करून. यातले तीस-चाळीस जण जरी पहिल्या आठवड्यात आले तरी पहिली पोस्ट टाकायला हरकत नाही.